चौतिसाव्या मिनिटाला 'हे' अडकतात

२७ सप्टेंबर २००९, रविवार. खंडे नवमी. सकाळी ९.

नवी वही. पहिल्याच पानावर नियम लिहून ठेवते, म्हणजे नंतर सबब नको. रोज लिहायचं. राग करायचा नाही. (मी तशी रागीट नाहीच. पण लिहिलेलं बरं.)

सीडी काल आली. स्टुडिओवाला म्हणाला, काकू, व्हिडिओ कॅसेटला बुरशी लागली होती, जेवढं निघालं तेवढं उतरवलं, कॅसेट फेकून दिली. म्हणजे आता जगात ही एकच. १९९७ साली वसमतला माझ्या पुतणीचं, अनुश्रीचं, लग्न झालं त्याची. तेव्हा पंगतीच्या आधी व्हिडिओवाल्याने ह्यांच्यापुढे माइक धरून विचारलं होतं, काका, संसाराला तीस वर्षं झाली, काकूंबद्दल दोन शब्द बोला. हे माझ्याबद्दल चारचौघांत बोलले ते जन्मात तेवढं एकदाच. काय बोलले ते मला शब्दन्शब्द आठवतं. हिच्यासारखी दुसरी नाही, असं म्हणाले. मग एक कडाडून टाळी पडली. ती तर कानात अजून आहे.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. हल्ली डोळे मिटले की ह्यांचा खोकला ऐकू येतो, पण आवाज येत नाही. खूप प्रयत्न केला तरी येत नाही.

पाडव्याला सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि सीडी दाखवायची. ह्यांची धाकटी बहीण रुक्मा, म्हणजे हट्टा गावी दिलेल्या माझ्या वन्सं, फोनवर आत्ताच हसायला लागल्या. म्हणाल्या, वहिनी, दादा काय बोलला ते मला बराबर ठावं हाय, पण मी न्हाई सांगायची, तुमीच ऐका. ऐकवीनच!

आज शस्त्रपूजा. विळी, अडकित्ता, खलबत्ता, ह्यांची सायकल आणि यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटर. त्याच्या डब्याला झेंडूचा हार घातला, अक्षता मोकळ्या हाताने टाकल्या. सीडीलाही ओलं कुंकू लावलं, हरभऱ्याएवढं, ठसठशीत. चकचकीत बाजूला. तोंड तिकडेच असतं, कागदाची बाजू म्हणजे पाठ. मी स्वतः आता लावत नाही.

२८ सप्टेंबर, दसरा. रात्री ९.

लाइट अकराला आली. (अकरा ते एक असते, मग जाते.) देवाला नमस्कार करून सीडी लावली.

मंडप दिसला. सनई. अनुश्री किती बारीक होती! मग चौतिसाव्या मिनिटाला हे आले. तपकिरी सफारी, खिशाला दोन पेनं. व्हिडिओवाल्याने माइक पुढे केला. ह्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं.

आणि अडकले. तोंड उघडंच.

परत लावली. पुन्हा तिथेच. एकूण तीन वेळा. तिन्ही वेळा तोंड उघडं.

हा कॉम्प्युटर माझा भाचा पुष्कर याचा, पुण्याहून जुना पाठवला. म्हणाला होता, आत्या, यात विंडोज नाही, लिनक्स आहे, व्हायरस लागत नाही, म्हातारं मशीन असलं तरी पळतं. सुरू करताना पडद्यावर एक ढेरपोट्या पेंग्विन येतो. त्याचं ते हसणं मला पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही.

डब्याला एक टपली मारली. टपलीच. मनगट सुजलंय.

संध्याकाळी आमच्या गावच्या रामलीला मैदानावर रावण जळताना पाहिला. दहा तोंडांच्या जागी मला दहा पेंग्विन दिसत होते. फार शांत वाटलं.

२९ सप्टेंबर. दुपारी १.

पुष्करला फोन. त्याने काळी खिडकी उघडायला लावली. म्हणाला, टॉप असं टाइप करा, कोणता प्रोग्राम मशीनचं किती खातोय ते दिसेल. जो अडकलाय त्याचा नंबर बघा आणि किल लिहा.

किल! सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसच्या डिक्टेशनला हा शब्द होता. इतक्या वर्षांनी असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. नुसत्या किलने मेला नाही तर किल मायनस नाइन. पुष्कर म्हणाला, त्यातून कोणी वाचत नाही. हे यंत्र मला वाटलं त्याहून सुसंस्कृत आहे.

एकाला मारलं. मग त्याच्या शेजारच्याला. पुष्कर म्हणाला, आत्या, बास, मूळ प्रोग्राम म्हणजे आई, ती मेली की मागे राहिलेल्या लेकराला ऑर्फन म्हणतात. ऐकून मला वाईट वाटलं. होस्टेलात अशा दोन मुली होत्या. एकटी कुठे राहणार बिचारी, म्हणून त्या लेकरांनाही मारलं. एकूण चौदा. शेवटचा नंबर कशाचा होता कोण जाणे, पडदाच काळा झाला.

शेवटी पुष्करने विचारलं, आत्या, सीडी पुसता ना? म्हटलं, रोज पुसते, ह्यांच्या मऊ उपरण्याने. कागदाची बाजू पुसते हे सांगितलं नाही. ते काय सांगायचं. ज्या बाजूला कुंकू लावलंय ती पुसायला मी अडाणी थोडीच आहे!

१ ऑक्टोबर.

चौतिसावं मिनिट. तोंड उघडं.

चप्पल एकदा. डावी. उजवी वापरली नाही, म्हणजे संयम आहे.

३ ऑक्टोबर, कोजागिरी. दुपारी.

कॉम्प्युटर क्लासवाला बजरंग आला. चांगला चाळिशीचा माणूस, पण फार घाबरट. डबा उघडला. आतल्या पंख्यातून झेंडूच्या पाकळ्या काढल्या, ओंजळभर. अक्षता चहाच्या बशीभर. म्हणाला, मावशी, पूजा बाहेरून करायची असती, आतून न्हाई. यामुळंच गरम होऊन राहिलं अन् अडकून राहिलं.

मला इतका आनंद झाला की त्याला मसाला दूध दिलं, वर पेढा दिला. सापडलं म्हणजे सापडलंच. सीडी लावली. तेहेतीस मिनिटं आम्ही दोघे पडद्याकडे बघत होतो. चौतिसाव्याला तोंड उघडं.

बजरंग म्हणाला, मग मावशी, रॅम कमी पडत असंल.

मी त्याला मारलेलं नाही. मी पोळ्या लाटायला बसणार होते, लाटणं हातात होतं, ते सुटलं. त्याचा गुडघा तिथे होता. एवढंच. जाताना लंगडत होता तो मुद्दाम.

सिस्टर ॲग्नेसकडे सागवानी पट्टी असायची. बोटांच्या पेरांवर मारायच्या आणि मग स्वतःच हळू फुंकर घालायच्या. काय माया होती! त्या पट्टीचा आवाज आठवला तरी डोळे भरतात. मी बजरंगच्या गुडघ्यावर फुंकर घालायला वाकले होते. तो पळाला.

५ ऑक्टोबर. दुपारी १२.

नवा निश्चय. शास्त्रीय पद्धत. पुष्कर म्हणाला, दुसरीकडे लावून बघा, म्हणजे दोष मशीनचा की सीडीचा ते कळेल. शेजारच्या भिकाबाईंकडे टीव्हीचा प्लेयर आहे, त्यात लावली.

तिथेही चौतिसाव्या मिनिटाला तोंड उघडं.

म्हणजे तो पेंग्विन तिकडेही पोचलाय. पुष्करला सांगितलं.

भिकाबाई म्हणाल्या, अहो, त्यांना बोलायचं नसंल, राहू द्या. त्यांच्या प्लेयरवरचं काचेचं बदक फुटलं. आपोआप.

८ ऑक्टोबर. दुपारी १२.

पुष्करने काळ्या खिडकीत आणखी काहीतरी लिहायला सांगितलं, मशीनची कुरकुर वाचता येते म्हणे. ओळींमागून ओळी आल्या. आय-ओ एरर, आय-ओ एरर. मी मोठ्याने वाचत होते. आमची सिंधूबाई, पुसेगावची, धुण्याभांड्याला येते, ती फरशी पुसत होती. म्हणाली, अयो म्हणून राहिली का मशीन? म्हणंलच की! काहून मारून राहिल्या बाई तुमी तिला? मुकं जनावर हाय ते. माज्या शेळीनं तुमची तुळस खाल्ली तवाबी मी तिला येवढं न्हाई मारलं.

तिला समजावलं की मी मारत नाही, तपासते.

पुष्कर म्हणाला, आय-ओ म्हणजे सीडी वाचता येत नाहीये. चकचकीत बाजूला काही लागलंय का? म्हटलं, आवाज येत नाही रे. आणि फोन ठेवला. येत होता खरं तर. पण रेंजचा काय भरवसा.

११ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.

आज फार वाईट झालं. लिहू की नको. नियम आहे म्हणून लिहिते.

सीडी काढून पाठ पुसत होते. सिंधूबाई चहाचा कप घ्यायला वाकली, तिला खालची बाजू दिसली. म्हणाली, बाई, त्या तबकडीच्या तोंडावर कुंकू वाळून बसलंय, ते पुसा की आधी. माणसाच्या डोळ्यात कचरा गेला तर त्याला काय दिसंल?

पितळी वाटी माझ्या हाताशी होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली. सिंधूबाई वेळेवर खाली बसली म्हणून. कॅलेंडरमध्ये भोक पडलंय, नेमकं पाडव्याच्या चौकोनात.

कुंकू पुसा म्हणे!

ह्यांच्या दहाव्याला वन्सं पुढे आल्या होत्या. पदराचं टोक ओलं केलं आणि माझं कपाळ पुसलं. बायका म्हणाल्या, रीत असते. असेल. कॉन्व्हेंटमध्ये अशी रीत कोणी शिकवली नव्हती, मला अंदाज नव्हता, मी मान वर करून बसले होते. या घरातलं कुंकू एकदा पुसलं गेलंय. दुसऱ्यांदा मी पुसू देणार नाही. आणि त्याचा व्हिडिओ अडकण्याशी काहीही संबंध नाही. दोष लिनक्सचा आहे. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

सिंधूबाईला दोन लाडू दिले. घेतले, पण लांबूनच.

१३ ऑक्टोबर. मतदान.

सकाळीच जाऊन आले. रांगेत एकजण मधे घुसला. माझी पर्स त्याच्या कानाला लागली. पर्समध्ये अडकित्ता होता, तो का होता ते आठवत नाही. बोटाला शाई छान लागली.

ह्यांचं तोंड अजून उघडं.

१५ ऑक्टोबर. दुपारी १.३०.

सीडीचा ट्रे बाहेर येईना. बटण दाबलं. विनवणी केली. इंग्रजीतून केली, हिंदीतून केली. मग बत्ता आणला.

तीन घाव घातले. तिसऱ्याला डब्यातून करकर असा आवाज आला आणि मी बत्ता खाली ठेवला. जगात एकच आहे. आत हे आहेत, तपकिरी सफारीत, आणि मी बाहेरून बत्ता घालते आहे! खाली बसले. सांडशीने तो ट्रे हळूहळू ओढला, एखाद्याच्या पायातला काटा काढावा तसा. प्लॅस्टिक तुटलं. सीडी आख्खी निघाली. छातीशी धरून बसले तोवर लाइट गेली.

कुंकूही शाबूत.

आजपासून बत्ता माळ्यावर. हा शेवटचा निश्चय.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. सकाळी.

बजरंगने नवीन ड्राइव्ह बसवून दिला. सगळं काम हेल्मेट न काढता केलं. मोटारसायकलवर आला होता म्हणून असेल.

पूजेची तयारी. सीडीवरचं कुंकू जरा फिकट झालं होतं. त्यावर नवीन लावलं.

बत्ता माळ्यावरून खाली आणला. शेंगदाण्याच्या कुटासाठी.

१९ ऑक्टोबर, पाडवा. संध्याकाळी ५.

सगळं क्रमाने लिहिते.

दहा वाजता वन्सं हट्ट्याहून आल्या. अनुश्री वसमतहून, दोन मुलांना घेऊन. भिकाबाई आल्या. बजरंगला बोलावलं होतं, तो दाराच्या चौकटीतच उभा राहिला. सिंधूबाई त्याच्या मागे. मी ह्यांच्या फोटोपुढे निरांजन लावलं. पाडव्याला ओवाळायची सवय, ती जात नाही.

अकराला लाइट आली. सीडी लावली. अनुश्री स्वतःला बघून ओरडली, अग काकू, मी केवढीशी होते! मुलं विचारत होती, आई, बाबांना मिशी होती? चौतिसावं मिनिट आलं. सफारी, दोन पेनं, माइक. घसा साफ केला. तोंड उघडलं.

अडकले.

सगळ्यांच्या देखत. मुलं हसली. मी उठले. बत्ता कुठे ठेवलाय ते मला पक्कं माहीत होतं. पण मी येईपर्यंत वन्संनी बटण दाबून सीडी काढली होती, उलटी करून बघत होत्या. बघता बघता त्यांचं हसू गेलं. हळूच म्हणाल्या, हे कुणी लावलं? म्हटलं, मी. शेजारी पाण्याचा तांब्या होता. वन्संनी पदराचं टोक त्यात बुडवलं.

तोच पदर धरायचा ढंग. तीच बोटं.

माझा हात वर गेला. हातात बत्ता होता. अनुश्रीने मुलांना मागे ओढलं. बजरंगने चौकटीतून हेल्मेट उचललं.

वन्सं हलल्या नाहीत. म्हणाल्या, मारा वहिनी. दहाव्याला तुमचं कुंकू मीच पुसलं, तवापास्नं तीन वर्सं झाली, तुमी माझ्याशी तोंडदेखलं बोलता. मला काय कळत न्हाई? माझा भाऊ गेला होता, अन् म्हाताऱ्या बायांनी मलाच पुढं ढकललं. रातभर मी तो पदर धूत बसले. आता हेबी मीच पुसते. एकदाच काय ते मारून घ्या, पण दादाला बोलू द्या. किती दिवस त्याला तोंड उघडं ठिवून उभं करता?

माझा हात वरच होता. खाली कधी आला ते आठवत नाही. वन्संनी कुंकू पुसलं. घाईने नाही, आतून बाहेर, हलक्या हाताने, लेकराचं तोंड पुसतात तसं. लाल ओघळ पदरावर उतरला. तो त्यांनी घडीत लपवला.

सीडी परत लावली.

तपकिरी सफारी. दोन पेनं. ह्यांनी घसा साफ केला, आणि आवाज आला. ह्यांचाच. थोडा नाकातला, शेवटचा शब्द खाली सोडणारा. तीन वर्षं शोधत होते तो.

म्हणाले, "काय सांगू बुवा. बाई चांगलीये. फक्त हात लई चालतो तिचा. पण खरं सांगू का..."

उजवीकडून एक हात आला. हिरव्या बांगड्या, अंजिरी रंगाच्या पैठणीचे काठ. फाट्‌कन ह्यांच्या खांद्यावर बसला. माइक उडाला, कॅमेरा उडाला. मंडपाचं छत दिसलं, एक पंखा दिसला. मग एकदम जिलबीचं ताट.

कडाडून टाळी. मला आठवत होती ती हीच.

घरात हसण्याचा डोंब उसळला. बजरंग गुडघा धरून हसत होता. वन्संच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हेच! बराबर हेच म्हणला होता दादा! मी विचारलं, पण पुढे काय म्हणाले? खरं सांगू का, याच्या पुढे? वन्सं म्हणाल्या, पुढं काय म्हणतो? तुमी ठिवून दिली, तो जो गप बसला तो जिलबी येईस्तोवर.

मुलांनी तेवढंच पुन्हा सहा वेळा लावलं. कुठेही अडकलं नाही.

जेवताना वन्संच्या ताटात मी जिलबी वाढली, एक नाही, चार. त्यांनी न मोजता खाल्ल्या.

२० ऑक्टोबर, भाऊबीज. दुपारी १.

सकाळी पुष्करला फोन केला. विचारलं, खरं सांगू का, याच्या पुढचा भाग काढायची काही आज्ञा आहे का लिनक्समध्ये? किलच्या उलट काही? तो म्हणाला, आत्या, ते रेकॉर्डच झालेलं नाही, कॅमेरा पडला ना. मशीनचा काही दोष नाही. म्हटलं, मग पेंग्विनने खाल्लं असेल. तो म्हणाला, असेल. फार समजूतदार मुलगा आहे.

डबा पुसून ठेवला. पोचे सात पडलेत, पूर्वीचे असावेत.

मला तो हात पटलेला नाही. अंजिरी पैठणी वसमतला त्या दिवशी आणखी दोघीतिघींची होती. आणि लाडाने केलेली चापट म्हणजे मारणं नव्हे. ह्यांना दुसरं काही म्हणायचं असणार. 'पण'च्या पुढेच खरं असतं.

सिंधूबाई मोरीत भांडी घासत होती. तिला सहज विचारलं, काय ग, माझा हात चालतो का? विचारताना जरा वर झाला असेल.

ती दोन पावलं मागे सरकली, परात तोंडापुढे धरली आणि परातीमागून म्हणाली, न्हाई बाई. कधीच न्हाई.